चतकोरांची बेरीज

औटीबाईंच्या वर्गातलं लोखंडी कपाट म्हणजे सरकारी उत्साहाचं संग्रहालय होतं. वरच्या कप्प्यात प्रोजेक्टर. त्याचा दिवा गेला त्यालाच सात वर्षं झाली होती. मधल्या कप्प्यात सहा टॅब, त्यांतल्या चारांच्या बॅटऱ्या फुगून कुरडयांसारख्या झालेल्या. खाली एक बोलका पृथ्वीगोल होता. त्याच्यावर कुठंही बोट ठेवलं तरी तो ठामपणे ‘ब्राझील’ म्हणायचा. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी यांतली प्रत्येक वस्तू वाजतगाजत येताना पाहिली होती, आणि कपाटात तर गपचूप स्वतःच ठेवली होती.

त्यामुळे २०३४ च्या जूनमध्ये गोरख खेमनर मोटारसायकलला खोका बांधून पारनेर तालुक्यातल्या त्या वस्तीवरच्या शाळेत आला, तेव्हा बाईंनी आधीच खालच्या कप्प्यात जागा करून ठेवली होती.

“ठेव तिथं पृथ्वीगोलाशेजारी,” त्या खडू न थांबवता म्हणाल्या.

“बाई, ह्या कपाटात ठेवायच्या नाहीत. पोरांच्या हातात द्यायच्यात.”

“देऊ की. दिवाळी होऊ दे.”

गोरख हसला. बत्तीस वर्षांचा हा माणूस आता तालुक्याचा ‘तंत्रस्नेही मार्गदर्शक’ होता, पण शिकला होता याच वर्गात, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर. बाईंच्या ‘दिवाळी होऊ दे’चा अर्थ त्याला चांगला ठाऊक होता. त्यानं खोका उघडला आणि एकवीस पाट्या स्वतःच मुलांना वाटून टाकल्या. चौथीची दहा मुलं आणि पाचवीची अकरा, सगळी एकाच खोलीत बसत. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण पोरांच्या हातातून वस्तू काढून घेण्याइतक्या त्या कठोर नव्हत्या.

पाटीचं नाव ‘चाहूल’. दिसायला ती साधी काळी पाटीच होती आणि तिच्यासोबत एक लेखणी. चित्रं नाहीत, गाणी नाहीत, शाबासकीचे फुगे नाहीत. मुलानं लिहायचं आणि पाटीनं नुसतं बघायचं.

ती काय बघायची, ते गोरखनं बाईंना समजावून सांगितलं. माणूस लिहितो तेव्हा त्याचा मेंदू हाताच्या एक पाऊल पुढं चालत असतो. पुढं काय लिहायचं ते मनात स्पष्ट असलं की लेखणी सलग पळते. स्पष्ट नसलं की ती केसभर उचलली जाते, टोकावरचा दाब उतरतो, बोटांना बारीक कंप सुटतो. हे सगळं सेकंदाच्या एका तुकड्यात घडतं आणि डोळ्याला दिसत नाही. चाहूलच्या लेखणीत दाब मोजणारा स्फटिक होता, आणि पाटीच्या पोटात तारांची जाळी. लेखणी किती उंचीवर तरंगतेय ते ही जाळी सेकंदाला हजार वेळा मोजायची. लाखो मुलांचं लिहिणं असं मोजल्यावर संशोधकांना एक गंमत आढळली होती. एकाच गैरसमजातून आलेली अडखळ सगळीकडे एकाच घाटाची असते, मग मूल गडचिरोलीचं असो की गुहागरचं. वाचता न आल्याची अडखळ वेगळी, पाढा विसरल्याची वेगळी आणि मुळात कल्पनाच मनात नसल्याची आणखी वेगळी. अशा तीनशे बारा अडखळींना त्यांनी क्रमांक दिले होते.

“म्हणजे उत्तर बरोबर आलं तरी ही बया सांगणार, की पोराला कळलेलं नाही?” बाईंनी विचारलं.

“तेच तर सांगणार.”

“मग परीक्षा कशाला घ्यायच्या?” बाई म्हणाल्या आणि डबा खायला निघून गेल्या.

पंधरा दिवस त्यांनी पाटीकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एके दिवशी तनिष्का गुंजाळनं शाब्दिक उदाहरण चौथ्यांदा चुकवलं. तनिष्का पाचवीतली. तिला गणित येत नाही हे बाईंनी दोन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. रागाच्या भरात त्यांनी तिची पाटी उलटून मागच्या बारक्या पडद्यावर बघितलं. तिथं लिहिलं होतं, ‘अडखळ १७. वाक्य लांब असल्यास अर्थ सुटतो. गणिती क्रिया अडखळीविना.’

बाईंनी तेच उदाहरण मोठ्यानं, तुकड्या-तुकड्यानं वाचून दाखवलं. तनिष्कानं ते बाईंचं वाचन संपायच्या आत सोडवलं.

“अगं, येतंय की तुला!”

“व्हय बाई,” तनिष्का म्हणाली, “पण ते लई लांबडं लिहित्यात.”

बाईंना स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. त्या संध्याकाळी त्यांनी गोरखला फोन करून पाटीचा मागचा पडदा नीट वाचायचा कसा ते तासभर विचारलं. ऑगस्ट येईतो बाई रोज शाळा सुटल्यावर एकवीस पाट्या ओळीनं उलट्या मांडून बसू लागल्या आणि गोधडी शिवताना टाका बघावा तशा एकेका पोराचं अडलेलं बघू लागल्या. दिवाळीनंतर खालच्या कप्प्यात पृथ्वीगोल एकटाच होता.

इथंपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं.

बाईंची कीर्ती एका तासासाठी होती, भाकरीचा तास. दर डिसेंबरात अपूर्णांक सुरू करताना त्या घरून ज्वारीच्या मोठ्या भाकरी आणत. मुलांसमोर त्या मोडत: ही अर्धी, ही चतकोर. तुकडे मुलांच्या हातावर ठेवत, मग गुळाचा खडा देत आणि म्हणत, “खा आता अपूर्णांक!” मुलं खात. या तासाचा फोटो एकदा वर्तमानपत्रात आला होता आणि दुसऱ्या तालुक्यांतले शिक्षक तो बघायला येऊन गेले होते. मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. मागं काय राहील असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी हा तास दाखवला असता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोरख आला तो नेहमीसारखा हाका मारत आला नाही. वर्ग सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली उभा राहिला आणि मग एक कागद बाईंपुढं ठेवून जमिनीकडं बघत बसला.

कागदावर ‘उगम अहवाल’ असं लिहिलं होतं. साथ आली की आरोग्य खात्याची माणसं कोणी कुठल्या विहिरीचं पाणी प्यालं ते शोधत मागं जातात, तसं चाहूलचं यंत्र आता अडखळींचा माग काढू लागलं होतं. मोठ्या गावच्या हायस्कुलात पाट्या येऊन दोन वर्षं झाली होती. तिथं आठवी-नववीच्या पुष्कळ मुलांना अपूर्णांकाच्या बेरजेत एकाच घाटाची अडखळ येत होती, क्रमांक एकेचाळीस. उत्तरं बरोबर यायची, कारण ‘छेद तोच ठेवा, अंश मिळवा’ हा नियम त्यांना पाठ होता. पण अधिकचं चिन्ह काढलं की लेखणी तरंगायची. पुढं बीजगणित आलं की हीच मुलं घसरत. आणि त्यांतली बहुतेक सगळी एकाच प्राथमिक शाळेतून आलेली होती.

शाळेचं नाव वाचून बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

खाली सूचना होती. शिक्षिकेनं संमती दिल्यास अपूर्णांकाचा धडा पाटी स्वतः शिकवील आणि शिक्षिका वर्गात देखरेख करील. संमती नसल्यास शिक्षिकेनं आठ दिवसांत बदललेला तास घ्यावा. त्यानंतर निम्म्याहून अधिक मुलांची अडखळ गेली तर धडा तिच्याकडेच राहील.

“माझा भाकरीचा तास?” बाईंनी कागद परत त्याच्याकडं सरकवला. “माझ्या हातची पोरं इंजिनिअर झालीत!”

“झालीत बाई. पण किती?” हे बोलून गोरखनं जीभ चावली. मग घाईनं म्हणाला, “बाई, तुम्ही असं करा, यंत्र चुकतंय म्हणून लिहून द्या. मी खाली सही करतो. सहा महिन्यांचा प्रश्न आहे. कोण विचारतंय?”

“यंत्र चुकतंयच. बस इथं, तू लिही. तू माझा विद्यार्थी ना? एक छेद चार अधिक एक छेद चार.”

गोरखनं पाटी घेतली आणि भराभर लिहिलं. उत्तर आलं एक छेद दोन. बाईंच्या चेहऱ्यावर विजय दिसला. त्यांनी पाटी उलटली. मागं लिहिलं होतं, ‘अडखळ ४१’.

बाहेर हापशावर कोणीतरी पाणी भरत होतं.

“मला माहीत होतं,” गोरख म्हणाला. “प्रशिक्षणातच कळलं होतं, दोन वर्षांपूर्वी. तुम्हाला कसं सांगणार?”

“तुझा डिप्लोमा...”

“गणितातच गेला. दोनदा. मग आयटीआय केलं. वाईट नाही झालं काही, बाई. बायको-पोरं आहेत, नोकरी आहे.” तो थांबला. “पण एक गोष्ट आठवते. तुमच्या त्या तासाला मी विचारलं होतं, बाई, चतकोर आणि चतकोर मिळून अर्धी कशी व्हईल? ती तर खाल्ली. सगळी हसली. तुम्हीपण हसलात. आणि म्हणालात, गोरख, तुझं डोकं गणिताचं नाही रे, तू आपला हातानं कामं करणारा.”

बाईंना ते आठवत नव्हतं. पण आपण असं म्हटलं असणार, हे त्यांना पटलं, कारण त्या असं बऱ्याच मुलांना म्हणत असत. प्रेमानंच म्हणत.

गोरख गेल्यावर बाई वर्गातच बसून राहिल्या. ऊन खिडकीतून तिसऱ्या बाकापर्यंत आलं होतं. एवढी चीड त्यांना कधी आली नव्हती, आणि ती नक्की कोणावर आहे तेही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी लेखणी उचलली. एकोणतीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईच्या हातात तरी यंत्राला काय सापडतंय ते बघू, असं मनाशी म्हणत त्यांनी तीच बेरीज लिहिली आणि पाटी उलटली.

अडखळ एकेचाळीस.

त्यांनी पुन्हा लिहिली, मुद्दाम जोरात. तरीही तेच. पाटी आपल्याला ओळखते की काय, अशी त्यांना शंका आली.

मग त्या डोळे मिटून बसल्या आणि अधिकचं चिन्ह काढताना मनात काय येतं ते बघू लागल्या. मनात आला चुलीपुढचा उजेड आणि आईचा हात. तो हात भाकरी मोडायचा आणि मोडल्या-मोडल्या ज्याच्या त्याच्या हातावर ठेवायचा. तुकडा टोपल्यात परत गेलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. भाकरी मोडते आणि संपते, एवढंच त्यांच्या हाताला माहीत होतं. तेच त्यांनी दर डिसेंबरात मुलांच्या हातावर ठेवलं होतं. मोडायला शिकवलं, खायला दिलं. जोडून कधी दाखवलंच नाही! पोरं भुकेली असत, तुकडा हातात असताना कोणाला थांबवणं बाईंच्या जिवावर यायचं. गोरखनं बरोबर तेच विचारलं होतं, वयाच्या अकराव्या वर्षी.

त्यांना आठवलं, लहानपणी उन्हाळ्यात संध्याकाळी दोनच भाकरी व्हायच्या. बाईंनी पाटीवर लिहायला घेतलं. वडील, अर्धी. दोघे भाऊ, अर्धी-अर्धी. आत्या, चतकोर. मंदा, म्हणजे त्या स्वतः, चतकोर. एकेक चिन्ह काढत त्यांनी बेरीज केली.

बेरीज आली दोन. पुऱ्या दोन.

“मी मघाशीच खाल्ली,” असं आई रोज म्हणायची. बाई सत्तावन्न वर्षांच्या झाल्या होत्या आणि ही बेरीज त्यांनी आज पहिल्यांदा केली होती. रिकाम्या वर्गात पदर डोळ्यांना लावून त्या बराच वेळ रडल्या. मग तोंड धुतलं, कुलूप लावलं आणि घरी जाऊन ज्वारीचं पीठ चाळायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी गोरखला निरोप गेला, तासाला ये. तो आला आणि मुलांमागं, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर गुडघे दुमडून बसला.

बाईंनी टेबलावर तीन ताटं मांडली, तिन्हींत एकेक अख्खी भाकरी. प्रत्येकीचे चार चतकोर मोडले. एकूण बारा. अकरा पाचवीच्या मुलांना आणि एक गोरखला, पाहुणा म्हणून. सोबत गूळ.

“खायची नाही,” बाई म्हणाल्या.

वर्गात नाराजीची लाट उठली. “बाई, दरसाल तर...”

“दरसाल चुकलं. आज आधी भाकरी परत करायची. ज्यानं त्यानं आपला तुकडा घेऊन पुढं या आणि त्याचं घर शोधा. हातानं मोडलेल्या भाकरीच्या कडा सरळ नसतात. प्रत्येक कड एकाच शेजाऱ्याला बसते.”

मग जो गोंधळ उडाला तो बाईंनी उडू दिला. पोरं तुकडे फिरवून फिरवून बसवत होती, एकमेकांना ढकलत होती, “ह्याची कड माझ्याला बसतीय!” म्हणून ओरडत होती. चौथीची मुलं बाकांवर चढून सल्ले देत होती. प्रत्येक तुकडा बसला की बाई विचारत, “आता किती झाली?” आणि वर्ग सांगे, “चतकोर!... अर्धी!... पाऊण!... अख्खी!” पहिलं ताट भरलं. दुसरं भरलं. तिसऱ्यात तीन तुकडे बसले आणि एक कोपरा रिकामा राहिला.

“कुणाचा राहिला?” बाईंनी विचारलं.

मागच्या बाकावर गोरखच्या तोंडात घास होता. त्यानं तो गिळला. तालुक्याच्या तंत्रस्नेही मार्गदर्शकाचे कान लाल झाले.

“बाई, मी खाल्ला. सवयीनं खाल्ला गेला.”

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. बाईही हसल्या, पण त्यांची नजर ताटातल्या रिकाम्या कोपऱ्यावर होती. हे काही त्यांनी ठरवलं नव्हतं.

तनिष्का पुढं येऊन ताटांकडं निरखून बघत होती. “बाई, खाल्ली तरी दिसतीय की किती खाल्ली ते,” ती म्हणाली. “तीन नाहीत. पावणेतीन हायेत. दादांनी खाल्लेली मिळवली की तीन.”

“पुन्हा सांग. मोठ्यानं सांग.”

तनिष्कानं सांगितलं. मग बाईंनी सगळ्यांना पाट्या काढायला लावल्या आणि पावणेतीन अधिक चतकोर आकड्यांत लिहायला सांगितलं. मग अर्धी अधिक चतकोर. मग दोन चतकोर. मग म्हणाल्या, “आता खा.” ताटं क्षणात रिकामी झाली.

मधल्या सुट्टीत बाई आणि गोरखनं पाचवीच्या पाट्या उलटून बघितल्या. तासाआधी अकरांपैकी नऊ जणांना एकेचाळीस होती. आता दोघांना होती.

“धडा तुमच्याकडंच राहिला, बाई!” गोरख म्हणाला. त्याला जितका आनंद झाला होता तितका बाईंनाही झाला नसेल.

“त्या दोघांना उद्या पुन्हा बसवते. ही पाटी नसती तर मला ते दोघे कोण तेही कळलं नसतं.” बाईंनी एक पाटी त्याच्यापुढं सरकवली. “आता तू.”

त्यानं लिहिलं. यंत्रानं क्षणभर वाट बघितली. ‘अडखळ ४१, क्षीण.’

“कमी झाली!” तो लहान पोरासारखा म्हणाला.

“गोरख,” बाई म्हणाल्या, “तुझं डोकं गणिताचं होतं. तू विचारलंस ते बरोबर होतं आणि मी हसले ते चूक होतं. वर्गासमोर म्हटलं होतं ना मी? मग वर्गासमोरच परत घेईन, सुट्टी संपल्यावर.”

“बाई, आवं, असू द्या आता...”

“असू द्या कसं? तुझा डिप्लोमा गेला तो गेला. तो मी परत आणू शकत नाही. एवढं तरी करू दे.”

गोरखनं नुसती लेखणी पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. मग विषय बदलायचा म्हणून ती बाईंकडं दिली.

बाईंनी बेरीज लिहिली. पाटी उलटली. एकेचाळीस, ठळक, जशीच्या तशी.

“तुमची जाईना की!” गोरख पाटीवर वाकला. “एवढं काही नाही बाई, मी सरावाचा संच लावून देतो. रोज दहा मिनिटं. निवृत्तीच्या आत जाईल बघा.”

बाईंनी त्याच्या हातातून पाटी हळूच काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

“पोरांची गेली ना? बास. माझी राहू दे,” त्या म्हणाल्या. “तिथं माझी आई जेवायची राहिलीय.”

गोरखला काही उमजलं नाही. त्याला नंतर कधीतरी सांगू, असं बाईंनी ठरवलं. मग त्यांनी घंटा द्यायला सांगितलं आणि खडू घेऊन वर्गात गेल्या.